हक्काच्या खाटेपासून घराच्या उंबऱ्यापर्यंत

भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. हंगामात इथली हिरवी मिरची गाड्या भरून परराज्यांत जाते. तोडणीला बाया, फवारणीला गडी, गाड्या भरायला हमाल. सगळ्यांचे पोट अंगमेहनतीवर. अशा घरात माणूस अंथरुणाला खिळला की दवाखान्याचा खर्च सुरू होतो आणि रोजही बुडतो. किरकोळ दुखण्याचे गावातच भागते. दुखणे वाढले की भोकरदनचे ग्रामीण रुग्णालय, तिथून जालना, नाहीतर छत्रपती संभाजीनगरचे सरकारी घाटी रुग्णालय. काही जण बुलढाणा जवळ करतात. सरकारी दवाखान्यात सोय झाली नाही तर खासगी गाठावे लागते, आणि त्या बिलापायी कुणी व्यापाऱ्याकडून उचल घेतो, कुणी दागिना गहाण टाकतो.

सरकारी आणि खासगी यांच्या मधोमध एक तिसरी व्यवस्था आपल्या राज्यात आहे: धर्मादाय रुग्णालये. त्यांच्याकडे गरिबांसाठी खाटा राखीव असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. ज्यांना माहीत असते, त्यांना ते रुग्णालयाचे उपकार वाटतात. ते उपकार नाहीत. समाजाकडून घेतलेल्या सवलतींची ती परतफेड आहे. आणि चांगल्या रुग्णालयाची परतफेड खाटेपाशी संपत नाही, ती गावापर्यंत पोचते. महाराष्ट्रानेच जगाला हे दाखवून दिले आहे.

धर्मादाय म्हणजे काय?

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थांची नोंदणी १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. अशा संस्थेने चालवलेले रुग्णालय ते धर्मादाय रुग्णालय. धर्मादाय म्हणजे सगळे फुकट, असा अर्थ नाही. तिथे बिल होते, डॉक्टरांना पगार मिळतो, वर्षअखेर शिल्लकही राहू शकते. फरक त्या शिलकेचा आहे. खासगी रुग्णालयाचा नफा मालकाच्या खिशात जातो. विश्वस्त संस्थेत मालकच नसतो, त्यामुळे शिल्लक पुन्हा संस्थेच्या कामालाच लावावी लागते.

या वेगळेपणामुळे अशा संस्थांना प्राप्तिकरात सूट मिळते, देणग्या मिळतात, काहींना सरकारकडून कमी दराने जमीन मिळते. ही सूट म्हणजे सरकारने न घेतलेला महसूल, म्हणजेच तुमचा-आमचा पैसा. रुग्णालयाने समाजाला काय परत दिले, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार इथूनच मिळतो.

पहिले देणे: राखीव खाट

त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ४१ कक मध्ये गरिबांच्या उपचाराची जबाबदारी सांगितली आहे. ती कागदावरच राहते अशी ओरड झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये न्यायालयाने त्यासाठी सविस्तर योजना घालून दिली. तिचा गाभा असा:

• १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी. त्यांच्यावर मोफत उपचार.
• आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी. त्यांच्यावर सवलतीच्या दरात उपचार.
• बाकीच्या रुग्णांच्या एकूण बिलांपैकी २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून वेगळ्या खात्यात ठेवायची आणि ती गरिबांच्या उपचारावरच खर्च करायची.
• जिवावर बेतलेला रुग्ण आला तर अनामत रक्कम न मागता त्याला लगेच दाखल करून घ्यायचे आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करायचे.

उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढत गेली. आता वार्षिक १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंतचे दुर्बल घटकांत धरले जाते. रोजंदारीवर जगणारी बहुतेक घरे या मर्यादेच्या आतच आहेत.

दुर्बल घटकांतल्या रुग्णाला औषधे, इतर साहित्य आणि शरीरात बसवायची उपकरणे रुग्णालयाच्या खरेदी किमतीने लावली जातात आणि त्या बिलाचा किमान निम्मा भाग त्याने भरायचा असतो. हे आधी माहीत असले की बिलाच्या वेळी वाद होत नाही.

ही खाट मिळवायची कशी?

नियम असतो, पण खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या नातेवाइकाला कोणाला काय विचारायचे ते उमगत नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवावा. दाखल करतानाच ‘आम्हाला धर्मादाय योजनेतून उपचार हवेत’ असे स्पष्ट सांगावे. घरी निघायच्या दिवशी सांगितले तर बिल आधीच साध्या दराने लागलेले असते. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक नेमलेले असतात. अर्ज आणि कागदपत्रे तेच पाहतात. थेट त्यांच्याकडे जावे.

सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि आधार कार्ड असावे. दाखला ऐनवेळी मिळत नाही. माणूस अतिदक्षता विभागात आणि मुलगा तहसील कचेरीच्या फेऱ्या मारतोय, हे चित्र टाळायचे तर दाखला वर्षाच्या सुरुवातीलाच काढून ठेवावा. शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी तो अनेक घरांत लागतोच. त्याची मुदत तेवढी पाहावी.

खाटा शिल्लक नाहीत असे उत्तर मिळाले तर ते लेखी मागावे. राखीव खाटांपैकी किती रिकाम्या आहेत, ही माहिती रुग्णालयांनी धर्मादाय आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर भरायची असते. ती मोबाइलवर पाहता येते आणि तक्रारही धर्मादाय कार्यालयात करता येते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही वेगळी सोय. तिच्यात नोंदलेल्या रुग्णालयांत ठरावीक आजारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि बरीच धर्मादाय रुग्णालयेही तिच्यात आहेत. आजार त्या यादीत बसतो का, हे आधी तपासावे. बसत नसेल तर धर्मादाय खाटेचा आग्रह धरावा.

दुसरे देणे: परवडणारा उपचार

राखीव खाट हे कायद्याने घातलेले किमान बंधन. काही संस्थांनी कारभारच असा बसवला की गरिबाला परवडणारा उपचार हा त्यांचा रोजचा व्यवहार झाला.

डोळ्यांच्या रुग्णालयांत हे सर्वांत स्पष्ट दिसते. तमिळनाडूतल्या मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर, १९७६ मध्ये, ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. ज्यांची ऐपत आहे ते पैसे भरतात आणि त्या शिलकीतून ऐपत नसलेल्यांच्या शस्त्रक्रिया होतात. कामाची शिस्त अशी की एका शल्यचिकित्सकाच्या हातून दिवसभरात मोतीबिंदूच्या पुष्कळ शस्त्रक्रिया होतात आणि प्रत्येकीचा खर्च उतरतो. डोळ्यात बसवायचे परदेशी भिंग महाग पडते म्हणून १९९२ मध्ये संस्थेने भिंगे घरीच बनवायला घेतली. शिबिरात तपासायचे, गाडीने न्यायचे, शस्त्रक्रिया करून परत आणून सोडायचे, ही रीत पुढे देशभर पसरली.

जालन्यातले श्री गणपती नेत्रालय हे याच वाटेवरचे विश्वस्त संस्थेचे रुग्णालय. मराठवाड्यातून आणि शेजारच्या विदर्भातून लोक तिथे येतात. ज्या म्हातारीला सुईत दोरा ओवता येत नव्हता, ती शस्त्रक्रियेनंतर मिरचीचे देठ खुडायला बसते, नातवंडे सांभाळते. तिच्याबरोबर तिला धरून चालवणारे घरातले दुसरे माणूसही मोकळे होते.

मराठवाड्यात अशी आणखीही उदाहरणे आहेत. लातूरला डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये विवेकानंद रुग्णालय उभे केले. शहरात मोठी प्रॅक्टिस करता आली असती अशा डॉक्टरांनी मागास भागात एकत्र बसून पगारावर काम करायचे ठरवले, हेच त्या काळात नवल होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा जखमींवर उपचार करायला हे रुग्णालय हाताशी होते. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. हेडगेवार रुग्णालयाची सुरुवात १९८९ ची. तरुण डॉक्टरांच्या गटाने ते सुरू केले आणि शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या आरोग्यकामाची जोड त्याला दिली.

तिसरे देणे: आजारच कमी करणे

खाट आणि स्वस्त उपचार यांच्या पुढची पायरी जामखेडने दाखवली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. रुग्णालयात बरे करून पाठवलेले मूल काही महिन्यांत त्याच आजाराने परत येते, हा त्यांचा आधीच्या कामातला अनुभव होता. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन त्यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी जामखेडला काम सुरू केले. सुरुवातीची जागा लोकांनी दिली: जनावरांचा जुना दवाखाना.

लवकरच १९७२ चा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, मुले वाळत चालली. अशा वेळी टॉनिकच्या बाटल्या देऊन काय होणार? आरोळेंनी मुलांसाठी गावोगाव जेवणाची सोय केली आणि पाण्याचे काम हाती घेतले. हातपंप बसवताना त्यांची जागा दलित वस्तीत किंवा तिच्यालगत ठरेल, याची काळजी घेतली. सवर्ण बायांना त्याच पंपावर पाणी भरायला यावे लागले. शुद्ध पाण्याने हगवण कमी झाली आणि पंपावरच्या रोजच्या भेटीने शिवाशिवही सैल पडू लागली. आरोग्याला जात आणि गरिबी किती आतून चिकटलेली असते, हे ओळखून केलेले हे काम होते.

गावातल्या पुरुषांची शेतकरी मंडळे झाली, मग महिला मंडळे. कुष्ठरुग्णांना वेगळे न काढता इतरांबरोबरच उपचार मिळाले. अपंगांसाठी जयपूर पाय बनवायची कार्यशाळा उभी राहिली, आणि ते पाय बनवायला गावातलीच माणसे शिकली.

काम सुरू झाले तेव्हा या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे १७६ बाळे पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत होती. १९९० च्या दशकात हा आकडा विशीच्या घरात आला. त्या काळात देशाचा आकडा सत्तरच्या वर होता. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधीच, १९७५ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेवर काढलेल्या पुस्तकात जामखेडचा अनुभव छापला होता.

गावातल्या बाईच्या हाती विद्या

आरोळेंनी आधी शिकलेल्या परिचारिका गावात ठेवून पाहिल्या. शहरातून आलेल्या तरुण मुली खेड्यात एकट्या रमेनात. मग गावाने निवडलेल्या गावातल्याच बायांना शिकवायचे ठरले. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर, बऱ्याच दलित, काही टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एक-एक विषय तोंडी शिकत आणि गावी परतून दुसऱ्यांना शिकवत. कामातल्या शंका पुढच्या आठवड्यात मांडत. पाठ एकदाच देऊन मोकळे व्हायचे नाही, दर आठवड्याला उजळणी करायची, यात या प्रयोगाचे बळ होते.

या बाया काय शिकल्या? जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडायचे नाही. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्हींना चहाचाच चमचा. हे पाणी घोट-घोट पाजत राहायचे आणि अंगावरचे दूध बंद करायचे नाही. बाळंतपणात हात स्वच्छ धुवायचे, नाळ निर्जंतुक पात्यानेच कापायची. गरोदर बाईच्या पायावर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, ही धोक्याची खूण. थांबायचे नाही, दवाखाना गाठायचा. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासायला पाठवायची. यातल्या एकाही गोष्टीला पदवी लागत नाही, आणि यातली प्रत्येक गोष्ट जीव वाचवते.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००५ पासून गावोगाव आशा स्वयंसेविका आल्या. त्या कल्पनेमागे जामखेडसारख्या कामांचा अनुभव आहे. म्हणजे आज पिंपळगावच्या गल्लीत वही घेऊन फिरणाऱ्या आशाताईचे नाते त्या जनावरांच्या जुन्या दवाखान्यापर्यंत जाऊन पोचते.

आधी विचारणे, मग देणे

गावाला काय हवे, हे गावालाच विचारले पाहिजे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. मोठ्या इमारतीत आदिवासींना परके वाटे, सोबतच्या नातेवाइकांना थारा नसे. त्यांचे म्हणणे ऐकून दवाखाना पाड्यासारखा झोपड्यांचा उभारला, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू दिले आणि लोकांच्या दंतेश्वरी देवीचे नाव त्याला दिले.

नवजात बाळे का दगावतात, हे याच संस्थेने घरोघर जाऊन शोधले. बाळंतीण दवाखान्यात येऊ शकत नसेल तर दवाखाना तिच्या घरी जावा, म्हणून गावातल्या बाया ‘आरोग्यदूत’ झाल्या: बाळाचे वजन करणे, ऊब राखणे, श्वास अडकला तर काय करायचे, जंतुदोषाची लक्षणे कोणती. ३९ गावांत हे काम झाले आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. पुढे आशाताईंकडून होणाऱ्या बाळाच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या.

हे विचारणे कायद्यानेही सक्तीचे करता येते. अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्यानुसार करसवलत घेणाऱ्या ना-नफा रुग्णालयाला दर ३ वर्षांनी आपल्या परिसराच्या आरोग्याच्या गरजांची पाहणी करून ती जाहीर करावी लागते. आपल्याकडच्या धर्मादाय योजनेचा भर खाटांवर आणि निधीवर आहे. अशी पाहणी इथेही सक्तीची झाली, तर रुग्णालयांना आपल्या फाटकाबाहेर पाहावेच लागेल.

मिरचीच्या गावाला काय हवे?

पिंपळगाव रेणुकाईची अशी पाहणी केली तर फवारणीचा विषय पहिल्या पानावर येईल. मिरचीवर चुरडा-मुरडा रोग आला की फवारण्या वाढतात. पाठीवर पंप, अंगात साधा सदरा, तोंडाला फार तर उपरणे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीस-एक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला होता. तो धडा मिरचीपट्ट्यानेही घ्यायला हवा.

एखाद्या रुग्णालयाने खरिपाच्या तोंडावर गावात येऊन इतके केले तरी पुष्कळ होईल: हातमोजे, मुखपट्टी आणि अंगभर कपड्यांचे महत्त्व प्रत्यक्ष दाखवणे, वारा येतो त्या बाजूला पाठ करून फवारणे, फवारणीत तंबाखू-विडी आणि खाणे टाळणे. घाम, लाळ, मळमळ, बारीक झालेली डोळ्याची बाहुली, जड श्वास, ही विषबाधेची लक्षणे घरच्यांना कळली पाहिजेत. ती दिसताच माणसाला शेतातून बाहेर काढावे, कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, मुद्दाम उलटी काढू नये आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा. डब्यावरच्या नावावरून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.

त्याखालोखाल तोडणीच्या बायांचा विषय. दिवसभर वाकून काम, हातांची आग, अंगात रक्त कमी. त्यांच्यासाठी शिबिर दुपारी बाराला ठेवले तर एकही येणार नाही. ते संध्याकाळी, नाहीतर काम बंद असलेल्या दिवशी ठेवावे. शिबिरात रक्त तपासले आणि गोळ्या वाटल्या, पण तीन महिन्यांनी पुन्हा तपासले नाही, तर उपयोग झाला की नाही हे कळणारच नाही.

गावाने काय करावे?

देणे एका बाजूचे राहिले तर टिकत नाही. जामखेडला जागा लोकांनी दिली, सेविका लोकांनी निवडल्या, म्हणून ते काम टिकले. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिने आशाताईला सोबत घेऊन गावाच्या तीन मोठ्या आरोग्यप्रश्नांची यादी करावी आणि ती ग्रामसभेत वाचावी. मग जालन्यातल्या किंवा छत्रपती संभाजीनगरातल्या एखाद्या धर्मादाय रुग्णालयाला पत्र लिहावे. पत्रात विचारण्याजोगे प्रश्न असे:

• आमच्या तालुक्यातल्या किती रुग्णांना गेल्या वर्षी राखीव खाट मिळाली?
• निर्धन रुग्ण निधीत किती जमा झाले, किती खर्च झाले?
• तुमची शिबिरे कोणत्या आजारांसाठी होतात आणि शिबिरानंतर रुग्णाचा पाठपुरावा कोण करते?
• आमच्या आशाताईला आणि तरुणांना तुम्ही काय शिकवू शकाल?
• त्यासाठी जागा, माणसे आणि निरोप पोचवण्याचे काम गावाने करायचे ठरवले, तर तुम्ही कधी याल?

पहिल्या दोन प्रश्नांतून गाव आपला हक्क मागते, पुढच्या दोन प्रश्नांतून गरज सांगते आणि शेवटच्या प्रश्नात आपला वाटा कबूल करते. एवढे लिहून सही-शिक्क्यानिशी पत्र पाठवायला एक ग्रामसभा पुरते. उन्हाळी मिरचीची लागवड झाली की फवारणीचे दिवस लांब नसतात. पत्र त्याआधीच गेलेले बरे.